जुन्या मोटरबोटीचे टॉयलेट: दुरुस्तीचा संच आणि नवा होज

शिकागोच्या एका बंदरात उभी असणारी आमची २८ फुटी मोटरबोट १९८६ साली बांधलेली आहे आणि ती विकत घेताना इंजिनाची जेवढी चौकशी केली, तेवढी टॉयलेटची केली नाही, याचे फळ पहिल्या उन्हाळ्यातच मिळाले. केबिनचे दार उघडले की आधी वास भेटायचा आणि मग माणसे. तो घालवण्यासाठी दोन हंगामांत मी जे विकत घेतले, त्यातले काय उपयोगी पडले आणि कशावर पैसे वाया गेले, ते येथे लिहीत आहे.

वाया गेलेल्या पैशांपासून सुरुवात करतो, कारण तीच चूक बहुतेक जण करतात. मैला साठवणाऱ्या टँकमध्ये ओतायचे निळे सुगंधी द्रव्य मी पहिल्या वर्षी बाटल्याच्या बाटल्या ओतले. त्याने वास गेला नाही, फक्त त्याला अत्तराची जोड मिळाली. दुसऱ्या वर्षी मात्र एक रविवार काढून, हातात टॉर्च घेऊन, टॉयलेटपासून टँकपर्यंत आणि टँकपासून डेकपर्यंत प्रत्येक नळीचा माग काढला व कागदावर आकृती काढली. अशा बोटीवरची रचना ढोबळमानाने अशी असते: पाऊण इंची नळीने तळ्याचे पाणी आत येते, हातपंपाने ते भांड्यात फिरते, दीड इंची होजमधून, म्हणजे जाड नळीतून, मैला वाय-व्हॉल्व्हकडे, म्हणजे दोन वाटांपैकी एक उघडणाऱ्या झडपेकडे, जातो आणि तेथून एक वाट होल्डिंग टँककडे, म्हणजे मैला साठवण्याच्या टाकीकडे, तर दुसरी थेट बोटीच्या बाहेर पाण्यात निघते. टँकमधून एक होज डेकवरच्या झाकणापर्यंत येतो, ज्याला बंदरातल्या पंप-आउटची नळी लावून टँक रिकामा करतात. आणि एक बारीक नळी हवेसाठी बोटीच्या कुशीतल्या छोट्या छिद्राशी जाते.

यांतली बाहेर जाणारी वाट मी कायमची काढून टाकली. ग्रेट लेक्समध्ये, म्हणजे आमचे मिशिगन तळे ज्यांत मोडते त्या मोठ्या तळ्यांमध्ये, प्रक्रिया न केलेला मैला सोडण्यास कायद्याने बंदी आहे, त्यामुळे ती वाट वापरता येतच नाही. ज्या शहराने १९०० साली आपल्या नदीचा प्रवाह उलटा फिरवला, तोही याच तळ्यातले पिण्याचे पाणी मैल्यापासून वाचवण्यासाठी, तेथे वाय-व्हॉल्व्हची मूठ चुकून फिरण्याची शक्यता ठेवणे मला शहाणपणाचे वाटले नाही.

आता खरेदीकडे वळतो. जॅब्स्को कंपनीच्या हातपंपाच्या टॉयलेटसाठी मिळणारा सर्व्हिस किट, म्हणजे दुरुस्तीचा संच, मी सत्तर डॉलरच्या आसपास घेतला. त्यात पिस्टनचा भाग, सील, झडपा, गॅस्केट आणि जोकर व्हॉल्व्ह मिळतो. हा जोकर व्हॉल्व्ह म्हणजे रबराचे बदकाच्या चोचीसारखे तोंड. मैला पुढे गेला की ते मिटते आणि होजमधले पाणी परत भांड्यात येऊ देत नाही. माझा जुना व्हॉल्व्ह हातात घेतला तेव्हा त्याचे ओठ कडक होऊन उघडेच राहिले होते, त्यामुळे रात्री स्वच्छ दिसणारे भांडे सकाळी तपकिरी पाण्याने भरलेले का असायचे, हे कोडे सुटले. किट बसवायला दोन तास लागले आणि पंप जुन्या जोमाने पाणी ओढू लागला. विजेवर चालणारे टॉयलेट घ्यावे, असा एक सल्ला मिळाला होता. पण पंप धड असेल तर हाताचे काम पुरेसे आहे आणि बॅटरीवर आणखी भार नको, असे माझे मत झाले.

खरा गुन्हेगार मात्र होज निघाला. गरम पाण्यात भिजवून पिळलेले फडके होजभोवती गुंडाळले, गार झाल्यावर नाकाशी नेले, आणि टँकच्या बाजूचे तिन्ही होज वासाने बरबटलेले असल्याचे त्या फडक्यानेच सांगितले. बाहेरून ते कोरडे व स्वच्छ दिसत होते. पण जुना रबरी होज वर्षानुवर्षे वास मुरवून घेतो आणि मग आरपार सोडतो. त्याच्या जागी वास न झिरपणारा सॅनिटेशन होज घेतला. फुटाला दहा-बारा डॉलर हा दर बोचतो, शिवाय तो इतका ताठ असतो की बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळातल्या पोकळीच्या, अंधारात वळवताना कोपरे सोलवटतात. किटलीतले उकळते पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा थेंब यांच्याशिवाय तो नळीच्या टोकावर चढतच नाही. तरीही दोन हंगामांत केलेल्या खर्चापैकी सर्वांत सार्थकी लागला तो हाच.

हवेची नळी तपासायला मी उशीर केला. टँकला हवा मिळाली नाही की बिनहवेचे जिवाणू वाढतात आणि सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो, शिवाय पंप-आउटच्या ओढीने टँक आत दबण्याचा धोका असतो. आमचा टँक रिकामा होताना गुरगुरून थांबायचा. ते छिद्र तारेने टोकरले तेव्हा कुंभारीण माशीने बांधलेले मातीचे घरटे सुटून बाहेर पडले.

या सप्टेंबरमध्ये पुण्याहून आलेल्या मेहुण्याने केबिनमध्ये एक रात्र काढली आणि वासाबद्दल अवाक्षरही काढले नाही. तक्रार केली ती माझ्या कॉफीबद्दल. ऑक्टोबरमध्ये बोट पाण्याबाहेर काढण्यापूर्वी पंपात थंडीत न गोठणारे गुलाबी अँटीफ्रीझ फिरवून ठेवीन, आणि वसंतात लावण्यासाठी एक सुटा जोकर व्हॉल्व्ह आताच घेऊन ठेवला आहे.