जीसीसीचे ओव्हरफ्लो फ्लॅग: रॅपव्ही, ट्रॅपव्ही की यूबीसॅन?

सी भाषेत साइन्ड (ऋण-धन दोन्ही चालणारा) पूर्णांक ओव्हरफ्लो झाला, म्हणजे उत्तर त्याच्या प्रकारात मावलं नाही, तर पुढे काय व्हावं, हे भाषेने ठरवलेलंच नाही. ‘असं कधी होणारच नाही’ हे जीसीसी (सी कोडचा प्रोग्राम बनवणारा कंपायलर) धरून चालतो. ‘क्ष + १ < क्ष’ ही इंटवरची (साधा साइन्ड पूर्णांक) तपासणी ओ-टूला (वेगासाठी कोड सुधारण्याची पातळी) सरळ उडवली जाते. सुरक्षा जिच्यावर टेकलेली, नेमकी तीच ओळ गायब.

एफ-रॅपव्ही हा फ्लॅग (कंपायलरला द्यायचा पर्याय) लावला की ओव्हरफ्लोचं उत्तर गोल फिरून दुसऱ्या टोकाला जातं आणि ती ओळ जागेवर राहते. पोस्टग्रेस हा डेटाबेस याच फ्लॅगने बिल्ड होतो. लिनक्स कर्नल नो-स्ट्रिक्ट-ओव्हरफ्लो वापरतो. जीसीसी ८ पासून त्याचा अर्थ रॅपव्ही, शिवाय पॉइंटरलाही तोच नियम. वेगाची किंमत सहसा जाणवत नाही. ६४-बिट मशीनवर इंट इंडेक्सच्या तापलेल्या लूपमध्ये जाणवू शकते, कारण ३२-बिट इंट ६४-बिट करण्याचं (साइन-एक्स्टेंड) काम वाढतं. इंडेक्स साइझ-टी (आकार-इंडेक्ससाठीचा अनसाइन्ड प्रकार) करा.

मात्र रॅपव्ही उत्तर बरोबर आणत नाही. बायनरी सर्चमध्ये मध्य काढताना लो आणि हाय (शोधाच्या दोन टोकांचे इंडेक्स) दोन्ही १५० कोटी असतील तर बेरीज येते −१,२९,४९,६७,२९६. मध्य ऋण, आणि वाचन अ‍ॅरेच्या बाहेर. तिथे लो + (हाय − लो) / २ हेच लिहायला हवं. भागाकारही रॅपव्हीच्या कक्षेत नाही: इंट-मिन (इंटची सर्वांत लहान किंमत) भागिले −१ केलं की एक्स८६ वर प्रोग्राम सिगएफपीईने (अंकगणिती चुकीचा सिग्नल) पडतो.

ओव्हरफ्लो झाला की प्रोग्राम थांबवणारा ट्रॅपव्ही नव्या कामात घेऊच नका. जीसीसीत त्याच्या तपासण्या ऑप्टिमायझरच्या हातून निसटतात.

टेस्टिंगसाठी यूबीसॅनच (भाषेने न ठरवलेलं वर्तन प्रोग्राम चालताना पकडणारी तपासणी). जीसीसी ४.९ पासून आहे. फाइल, ओळ आणि दोन्ही आकडे छापतो. अनसाइन्ड शॉर्टमधले (१६-बिट, ऋण संख्या नसलेला प्रकार) ६५५३५ × ६५५३५ घ्या: वरवर बिनधोक, पण गुणाकाराआधी दोन्ही इंट होतात आणि ४,२९,४८,३६,२२५ इंटमध्ये मावत नाही. यूबीसॅन हे पकडतो. छापून तो पुढे चालत राहतो, म्हणून सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या टेस्ट) चुकीवर थांबवणारं नो-सॅनिटाइझ-रिकव्हर हवंच. आणि त्याच बिल्डमध्ये रॅपव्ही राहिला, तर जीसीसी ही तपासणी घालतच नाही. रिपोर्ट कोरा दिसतो. दोन बिल्ड वेगळेच ठेवा.

अनसाइन्डचं गोल फिरणं मात्र भाषेलाच मान्य आहे, त्यामुळे वरचं काहीच तिथे बोलत नाही. मेमरी देणाऱ्या मॅलॉकला संख्या × आकार देताना गुणाकार फिरला की बफर तोकडा पडतो. तिथे जीसीसी ५ पासूनचं गुणाकाराचं ओव्हरफ्लो बिल्टिन (कंपायलरमध्येच असलेलं फंक्शन) वापरा, किंवा संख्या आणि आकार वेगळे घेणारा थेट कॅलॉक. ग्लिबसीचा (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) कॅलॉक हा गुणाकार तपासूनच जागा देतो.