भंगारातलं पितळ: पार्सलनं विकायचं की समोरासमोर?

आठवडी बाजारातल्या भंगारवाल्याकडं पितळी गुंड (पाण्याचं भांडं), गंगाळ (आंघोळीच्या पाण्याचं पसरट भांडं), कोपर (परात) अजूनही किलोच्या भावानं मिळतात. उचलण्याआधी चुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. मग पाणी भरून दहा मिनिटं ठेवा. गुंड गळतो तो बहुतेक बुडाच्या जोडावर.

इन्स्टाग्रामवर पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक भाव चांगला देतं, पण कुरिअर नफा खातं. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक कुरिअरवाले ५००० नं भागतात आणि येणारा आकडा खऱ्या वजनाहून जास्त असला तर तोच किलोत धरतात. तीन किलोचा गुंड ३५ सेंटिमीटरच्या चौकोनी खोक्यात घातला की वजन धरलं जातं साडेआठ किलो! म्हणून पार्सलला कोपर, डबे, अडकित्ते, दिवे असा चपटा किंवा लहान माल ठेवा. काठाला कापडाच्या चिंध्या गुंडाळा, नाहीतर वाटेत पोचे पडतात. पोचा, डाग, उडालेली कल्हई हे सगळं फोटोत दाखवा.

गुंड-गंगाळ मात्र फेसबुक मार्केटप्लेसवर टाकून आपल्या जवळच्या नागपूर, अमरावती, वर्धेतच विका. भाव कमी येतो, पण गिऱ्हाईक वाजवून, पाहून नेतं आणि माल परत येत नाही. इथला धोका वेगळा: ‘पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करा’ म्हणणारे. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

चिंच-मिठानं एकदा घासणं पुरे. आरशासारखं चमकवलं की जुनेपण जातं, आणि जुन्या वस्तू हौसेनं घेणाऱ्याला तेच हवं असतं.