दुःखात बायबल कसं वाचायचं: वचनपेटी, वर्षाचा तक्ता की एकच पुस्तक?

भाच्याच्या अंत्यविधीनंतर तिसऱ्या दिवशी भाऊजींच्या मोबाइलवर एक वचन आलं. भोवती फुलांची चौकट, मागे सूर्योदय आणि मधोमध ईयोब ८:७, म्हणजे बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातलं सातवं वचन. तुझा आरंभ अल्प असला तरी पुढे तुझी भरभराट होईल, अशा अर्थाचं. पाठवणारा आमच्याच मंडळीतला, मनानं निर्मळ माणूस. भाऊजी म्हणाले, "हे बोलतं कोण, पाहा बरं." नागपूरच्या सदर भागातल्या त्या घरात पाठ सुटलेलं एक जाड पवित्र शास्त्र आहे, ते काढलं. बोलणारा बिल्दद शूही, दुःखात पडलेल्या ईयोबाचं सांत्वन करायला आलेल्या मित्रांपैकी एक. आणि तीनच वचनं वर, चौथ्या वचनात, हाच बिल्दद मुलं गमावलेल्या ईयोबाला सांगतो की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल, म्हणून देवानं त्यांना त्याचं फळ दिलं.

भाऊजींनी पुस्तक मिटलं. पुढचे दोन महिने त्याला हात लावला नाही.

त्यानंतर घरात आणि मग बुधवारच्या बायबल क्लासात एकच विषय निघत राहिला: माणूस दुःखात असताना शास्त्र वाचायचं तर कसं? चार-पाच रीती आम्ही करून पाहिल्या. तुम्हीही याच वळणावर असाल तर माझं मत आधीच सांगतो. वाचायची रीत निवडताना दुःखाचं कोणतं उत्तर हाती येणार, तेही आपण नकळत निवडून बसतो. म्हणून खाली रीत आणि उत्तर दोन्ही एकत्रच तोलले आहेत.

वचनपेटी आणि मोबाइलवरचं रोजचं वचन

आमच्या आजीकडे खरी वचनपेटी होती, गुंडाळलेल्या चिठ्ठ्यांची. सकाळी चहाच्या आधी एक काढायची. आता तेच काम फोन करतो. हिचा गुण नाकारू नये. आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर रात्र काढणाऱ्या माणसाला दोन ओळींपेक्षा जास्त वाचवत नाही, आणि "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढ्यावर माणूस सकाळपर्यंत तग धरू शकतो.

दोष असा की चिठ्ठीला मागचं-पुढचं नसतं. यिर्मया २९:११ घ्या. देवाचे संकल्प हिताचे आहेत, भावी सुस्थितीची आशा देणारे आहेत. नागपुरातल्या किती ख्रिस्ती घरांत हे भिंतीवर असेल, मोजायला नको. पण हे बाबेलात (बाबिलोनमध्ये) कैदेत गेलेल्या यहूदी लोकांना लिहिलेल्या पत्रातलं वचन आहे, आणि त्याच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे. पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीची वाट दिसणारच नव्हती. घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात नेलंय त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा, हा त्या पत्राचा मुख्य सांगावा. तो काही कोणी फ्रेम करत नाही.

चिठ्ठ्यांवरच वाढलेल्या विश्वासाचं दुःखाविषयीचं उत्तर ठरलेलं असतं: लवकरच सगळं नीट होईल. मैदानावरच्या आरोग्यसभाही याच रीतीनं चालतात. यशया ५३:५ मधलं "आरोग्य" एवढंच उचलायचं आणि बरं झालं नाही तर विश्वास कमी पडला म्हणायचं. मग प्रेषित पौलाचं काय करायचं? त्यानं शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा राहिलाच. वर दिलेलं "माझी कृपा तुला पुरे आहे" हे त्या न मिळालेल्या आरोग्याचंच उत्तर आहे.

वर्षात पूर्ण बायबल

एकूण अध्याय १,१८९, म्हणजे दिवसाला सव्वातीन. स्कॉटलंडच्या रॉबर्ट मरे मॅकचेन या तरुण पाळकानं १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी केलेला तक्ता आजही चालतो: रोज साधारण चार अध्याय, वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. पुढच्याच वर्षी तो टायफसनं गेला, वय २९.

सरळ उत्पत्तीपासून निघालात तर जानेवारी संपता संपता नियमांनी भरलेलं लेवीय येतं आणि निम्मे गडी तिथेच गळतात. जे टिकतात त्यांना ईयोब भेटतो मेच्या मध्यावर. कूलरला पाणी घालत, घामानं पानं चिकटत, तेरा दिवसांत बेचाळीस अध्याय, आणि मेअखेरचा कडक उन्हाचा नवतपा लागतो त्या सुमारास ईयोब संपून स्तोत्रं सुरू. सगळ्यात काळोखं स्तोत्र, ८८वं, येतं जूनच्या तेविशीला, आपण पावसाची वाट बघत असताना. (मी हा हिशेब वहीत मांडला तेव्हा ताई म्हणाली, काहून एवढा हिशेब करतोस, वाच ना गुमान.)

या रीतीचं देणं म्हणजे पल्ला. एदेन बागेपासून नव्या यरुशलेमेपर्यंत एकच लांब गोष्ट दिसते आणि दुःख त्या गोष्टीच्या मधल्या भागात आहे हे कळतं. ज्या भावांनी विकलं त्यांनाच योसेफानं म्हटलं, तुम्ही वाईट योजलं, देवानं चांगलं योजलं. हे वाक्य उत्पत्तीच्या पन्नासाव्या अध्यायात येतं. आधी तेरा अध्याय विहीर, गुलामी आणि तुरुंग वाचून तिथे पोचलात तरच त्याला वजन येतं.

पण लांबून बघायची सवय जडली की माणूस प्रत्येक मरणाला कारण चिकटवू लागतो. नागपूरचीच गोष्ट. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले, शाळा काढली, विदर्भातले जीवाश्म गोळा केले, आणि ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून गेले. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ चं. "बघा, ते गेले म्हणून कॉलेज उभं राहिलं," असं मी व्यासपीठावरून ऐकलंय. कॉलेजबद्दल कृतज्ञता आहेच, पण हा हिशेब हिस्लॉपबाईंपुढे मांडायची हिंमत झाली असती का?

ताज्या दुःखात हा तक्ता घेऊ नका. तीन दिवस बुडाले की बारा अध्यायांचं कर्ज चढतं आणि आधीच दमलेल्या माणसाला आपण देवाचेही देणेकरी झालो असं वाटायला लागतं.

एकच पुस्तक, वही आणि रंगीत पेन्सिली

माझा कौल हिला, पण योग्य वेळी. रीत जुनीच: आधी नुसतं बघायचं, मग अर्थ लावायचा, मग स्वतःला लागू करायचं. उलट्या क्रमानं केलं की बिल्दद होतो. आम्ही ईयोब घेतला आणि अकरा आठवडे काढले. दर पानाला चार प्रश्न: कोण बोलतो, कोणाशी, आधी काय घडलं, पुढे काय. ईयोबाच्या ओळींना निळी पेन्सिल, मित्रांना लाल, देवाला हिरवी.

रंगवल्यावर जे दिसलं ते नुसतं वाचून दिसलं नसतं. हिरवा रंग पहिल्या दोन अध्यायांत आणि अडतिसाव्यापासून पुढे. मधले पस्तीस अध्याय लाल-निळी हाणामारी. मित्रांचं सगळ्यात चांगलं काम दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी: सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोंड उघडलं आणि बिघडलं. शिवाय लाल ओळी सुट्या वाचल्या तर अगदी उपदेशासारख्या वाटतात. मित्रांतला अलीफज म्हणतो, देवाशी सख्य कर म्हणजे तुझं कल्याण होईल. यात चूक काय? चूक ४२:७ मध्ये कळते. तिथे देव अलीफजाला सांगतो की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. म्हणजे जन्मदिवसाला शाप देणारा, देवाला कोर्टात खेचायला निघालेला निळा रंग खरा ठरला. क्लासात त्या दिवशी बराच वेळ कोणी बोललं नाही.

मित्रांनंतर बोलायला येणाऱ्या अलीहूला कोणता रंग द्यायचा यावर मात्र आमचं अजून जमलेलं नाही. सहा अध्याय बोलतो, दुःख हे देवाचं शिकवणं आहे असं सुचवतो, आणि ४२:७ मध्ये त्याचं नावच नाही, ना शाबासकी ना दोष. आम्ही जांभळा दिला.

आणि हिरवं उत्तर? "का" याचं उत्तर नाहीच. स्वर्गात देवाचा सैतानाशी झालेला संवाद वाचकाला ठाऊक असतो, ईयोबाला शेवटपर्यंत कळत नाही. देव विचारतो, जिथे माणूस राहत नाही त्या रानावर पाऊस कोण पाडतो? रानगाढव, शहामृग, पाण्यातला अजस्र लिव्याथान. भाऊजींना हे उत्तर आवडलं नाही, पण म्हणाले, "निदान तुझ्या पोरानं पाप केलं असं तरी नाही म्हणत." योहान ९ मध्ये जन्मांधाबद्दल शिष्य नेमकं हेच विचारतात, पाप कोणाचं, आणि येशू ना त्याचं म्हणतो ना आईबापांचं. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांबद्दलही तेच: ते इतरांपेक्षा जास्त पापी नव्हते.

चार-पाच ओळी, हळूहळू

कॅथलिक शेजाऱ्यांकडून शिकलेली रीत. एक तुकडा वाचायचा, मनात घोळवायचा, त्यावरून प्रार्थना करायची, मग गप्प बसायचं. मठांतली जुनी रीत आहे ही. बाराव्या शतकात गिगो या साधूनं तिच्या पायऱ्या लिहून ठेवल्या. त्यांच्याकडे दुःख ख्रिस्ताच्या दुःखाला जोडून अर्पण करायची कल्पनाही आहे, कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रातल्या १:२४ वरून. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ मध्ये त्यावर पत्रच लिहिलं, त्यांच्यावर झालेल्या गोळीबारानंतर तीन वर्षांनी. मला ती पूर्ण पटत नाही. वेदनेला काम देण्याच्या नादात लोक वेदना धरून ठेवतात, असं मी पाहिलंय. पण रीत मात्र सोन्यासारखी.

ताज्या घावावर हीच. जर्मन ईश्वरविज्ञानी युर्गेन मोल्टमन यांची साक्ष आहे: हॅम्बुर्गच्या बाँबवर्षावात शेजारी उभा मित्र गेला, पुढे युद्धकैदी झाले, छावणीत हाती बायबल पडलं, आणि ते अडकले ३९व्या स्तोत्रावर आणि मार्काच्या शुभवर्तमानातल्या, येशूच्या क्रूसावरच्या आरोळीवर, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. देव दुःख दुरून पाहत नाही, स्वतः सोसतो, हा त्यांचा पुढचा सगळा विचार या दोन जागांवरून वाढला.

मग घ्यायचं काय

पहिले काही महिने फक्त स्तोत्रं, थोडी आणि हळू. वचनपेटी ठेवा, पण चिठ्ठी निघाली की तो अध्याय उघडून बोलणारा कोण एवढं बघा. राग यायला लागला, प्रश्न पडायला लागले की ईयोब, आणि तो एकट्यानं नको. चार-पाच जण, त्यात एक तरी असं माणूस जे स्वतः पोळलेलं आहे. वर्षाचा तक्ता त्यानंतर.

आवृत्ती नेहमीच्या मराठी बायबल सोसायटीची चालेल. जोडीला पंडिता रमाबाईंचं भाषांतर मिळालं तर जरूर पाहा. भाषा आज खडबडीत वाटते. पण दुष्काळात आईवडील, मग भाऊ, मग नवरा आणि १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गमावलेल्या बाईनं मूळ हिब्रू-ग्रीकवरून, साध्या बायांना कळावं म्हणून केलेलं ते काम आहे. त्या १९२२ मध्ये गेल्या. विलापगीत मी तिथूनच वाचतो.

भाऊजींनी पुन्हा सुरुवात केली ती १३व्या स्तोत्रापासून. सहाच वचनं, आणि पहिल्या दोनांतच "कोठवर" चार वेळा. तो एक शब्द त्यांना आठवडाभर पुरला. सध्या ८८व्यावर आहेत. दीड महिना झाला, पान उलटायची घाई नाही.