बदलीचा कागद आला: मुलांना सोबत न्यायचं, सोलापुरात ठेवायचं की निवासी शाळेत घालायचं?

आमच्या गल्लीतली एक सून मागच्या रविवारी मोबाईल हातात धरूनच आली. नवरा तोफखान्यात हवालदार. नाशिकहून फरीदकोटला पोस्टिंग निघालंय. पीस स्टेशन, म्हणजे फॅमिली क्वार्टरची आशा. पोरगी पाचवीत जाणार, पोरगा पहिलीत. नवरा म्हणतो चला, सासू म्हणते पोरं इथंच राहू देत, आणि माहेरची मंडळी म्हणतात पोरीला सातारच्या सैनिक स्कूलला घाल. "काकू, तुम्ही काय केलं होतं?"

आमच्या घराण्यात तिन्ही करून झालंय. यांची २४ वर्षं फौजेच्या इंजिनिअर्समध्ये गेली. थोरल्यानं बारावीपर्यंत सहा शाळा केल्या. धाकटी आठवीपासून सोलापुरात, एकाच शाळेत. आणि बहिणीचा मुलगा सहावीपासून निवासी शाळेत. त्याचे वडीलही फौजेतच.

तिला मी म्हटलं, पोस्टिंग कुठलं ते नंतर सांग, आधी पोरं कितवीत आहेत त्याचा हिशोब मांडू. पोस्टिंग काय, दोन-तीन वर्षांनी पुन्हा येणारच आहे. पाचवी, आठवी, दहावी परत येत नाही.

सोबत नेलं तर

केंद्रीय विद्यालयं निघाली तीच या दुखण्यावर. १९६३ साली सुरुवात झाली ती फौजेच्या रेजिमेंटांच्या २० शाळा ताब्यात घेऊन. सीबीएसई बोर्ड, एनसीईआरटीची पुस्तकं, सहावीपासून आठवीपर्यंत संस्कृत, आणि देशभर एकच गणवेश. थोरला पाचवीत झाशीहून गुवाहाटीला गेला. पहिल्या दिवशी घरी येऊन एवढंच म्हणाला, "आई, प्रार्थना तीच होती." बाकी काही सांगितलं नाही, पण डबा रिकामा होता. झाशीला पहिले आठ दिवस डबा तसाच परत यायचा.

पहिलीला ३१ मार्चपर्यंत वयाची ६ वर्षं पूर्ण लागतात, आणि प्रवेशाच्या प्राधान्यात वडिलांच्या गेल्या ७ वर्षांतल्या बदल्या मोजतात. बदल्यांचा एवढा एकच फायदा मला आजवर दिसलाय, तेव्हा तो घ्यावा. एकदा मूल केंद्रीय विद्यालयात शिरलं की पुढच्या गावी आधीच्या शाळेचा टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, आणि बदलीचा आदेश दाखवून प्रवेश होतो. खाजगी शाळांचे उंबरे झिजवावे लागत नाहीत.

छावणी मोठी असेल तर आर्मी पब्लिक स्कूलही असतं. आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटी १९८३ पासून या शाळा चालवते, आज देशभरात सव्वाशेच्या वर आहेत. बोर्ड सीबीएसईच, फी केंद्रीय विद्यालयापेक्षा जास्त. पण एक गोष्ट फीत मोजता येत नाही. तिथं वर्गातल्या अर्ध्याअधिक पोरांचे वडील वर्दीत असतात. सीमेवर काही झाल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी कोणतं पोर गप्प बसलंय आणि का, हे बाईंना विचारावं लागत नाही. "तुझे पप्पा पॅरेंट मीटिंगला का येत नाहीत?" असं तिथं कुणी कुणाला विचारत नाही.

आता उणी बाजू. पोस्टिंग एप्रिल बघून येत नाही. आमचं एकदा ऑक्टोबरात आलं. आधीच्या शाळेत अपूर्णांक पुढच्या महिन्यात होणार होते, नव्या शाळेत दिवाळीआधीच होऊन गेलेले. थोरल्याचे अपूर्णांक दोन शाळांच्या मधे कुठंतरी रेल्वेत पडले, ते सातवीपर्यंत सापडले नाहीत. पुस्तक एकच असलं तरी धडा कुठवर आलाय हे एक नसतं. तेव्हा नव्या शाळेत गेल्या गेल्या वर्गातल्या हुशार पोराच्या वह्या मागून आणायच्या आणि कुठं भोक पडलंय ते स्वतः बघायचं. शाळा ते बघत नाही. चाळीस पोरांत बघणार तरी कसं?

दुसरं मराठी. थोरल्याची चौथी बाहेर झाली. आपल्या राज्याच्या चौथीत तेव्हा वर्षभर शिवाजी महाराजांचा इतिहास असायचा. मे महिन्यात गावी आल्यावर चुलत भावंडं आग्र्याहून सुटका घडाघडा सांगायची आणि हा तोंडाकडे बघत बसायचा. शेवटी माझ्या सासऱ्यांनी पुतणीचं पुस्तक घेऊन रोज दुपारी, पंखा डोक्यावर ठेवून, त्याला वाचून दाखवलं. सोलापूरच्या ४२ डिग्रीत दुसरं करायचं तरी काय! पुढच्या मे महिन्यात तो स्वतः वाचायला लागला. बाहेर राहणाऱ्या पोरांची मराठी शाळेत होत नाही, ती अशीच दुपारी-संध्याकाळी होते.

आणि सोबत म्हणजे कायमचं सोबत नव्हे. पीसनंतर फील्ड येतंच, आणि तिथं कुटुंब नेता येत नाही. म्हणजे हा पर्याय निवडला तरी मधे एकदा दुसरा पर्याय वाट्याला येतोच.

सोलापुरात ठेवलं तर

सोलापूर छावणीचं गाव नाही. इथं आर्मी स्कूल नाही. जवळची म्हणायची तर अहिल्यानगर, पुणे. केंद्रीय विद्यालय मात्र सोलापुरात आहे, आणि एक नियम पुष्कळ जणींना ठाऊक नसतो: जवानाला नॉन-फॅमिली भागात पोस्टिंग लागलं आणि कुटुंब पसंतीच्या गावी हलवलं, तर केंद्रीय विद्यालयाच्या टीसीवर तिथल्या केंद्रीय विद्यालयात पोरांना प्रवेश मिळतो. वडील सोलापुरात नोकरीला नाहीत म्हणून अडत नाही.

यांना फील्ड लागलं तेव्हा थोरला वर्षभर इथं होता, सातवीत. पहिल्याच दिवशी एका पोरानं विचारलं, "काय बे, कुठनं आलायस?" थोरला हातघाईवर आला. छावणीतल्या हिंदीत 'अबे' म्हणजे भांडणाचं आमंत्रण, आणि सोलापुरात 'बे' म्हणजे तू आपला. आठवडाभरात तो मलाच "काय बे आई" म्हणाला आणि आजीची चापट खाल्ली. पण खरं सांगायचं तर बाहेरून आलेल्या पोराला सोलापूर सोपं जातं. वर्गात घरी कानडी बोलणारी, तेलुगू बोलणारी पोरं असतातच. वेगळं बोलणाऱ्याकडं इथं कुणी टवकारून बघत नाही.

धाकटीचं मात्र ठरवून केलं. थोरल्याची दहावीतली फरफट बघितली होती, म्हणून तिला आठवीला इथं आणून बसवली. पाच वर्षं एकच शाळा, त्याच मैत्रिणी, संक्रांतीला गड्ड्याची जत्रा, आजीच्या हातची भाकरी. तिचे मार्क थोरल्यापेक्षा चांगले आले. लोकांना तेवढंच दिसतं.

जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस कॅज्युअल. सगळी मिळाली, एकदम मिळाली, पोरांच्या सुट्टीत मिळाली, असं वर्ष मी एकच बघितलं. एकदा हे सुट्टीवर आले तेव्हा तिला आणायला म्हणून हौसेनं शाळेत गेले आणि अर्धा तास गेटवर उभे राहिले. शाळा सुटली, गर्दी ओसरली, तरी ही येईना. ही तिकडं मागच्या गेटनं रिक्षात बसून घरी. नववीचे वर्ग मागच्या इमारतीत गेलेत, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी नाही, तिनंही नाही. घरी आल्यावर हसण्यावारी नेलं, पण त्या रात्री ते लवकर झोपले.

सोलापुरात ठेवायचं असेल तर हे आधीपासून धरून चाला. व्हिडिओ कॉलवर "जेवलीस का, अभ्यास झाला का" एवढंच होत असेल तर उपयोग नाही. गणिताच्या वहीचा फोटो पाठवा, भांडण झालं तर तेही सांगा, वेळापत्रक त्यांच्याकडंही असू द्या. यांनी पुढं तिच्या परीक्षेची तारीख स्वतःच्या डायरीत लिहून ठेवायला सुरुवात केली. ते तिला कुणीतरी सांगितलं, आणि मग ती आपण होऊन फोन करायला लागली.

आईचं काय होतं ते लिहीत बसत नाही. ताप, गॅस, सासऱ्यांचा बीपी, पॅरेंट मीटिंग, सगळं एका माणसावर. माहेर किंवा सासर खरोखर हाताशी असेल तरच हा पर्याय घ्यावा. नुसतं 'आमचं गाव आहे' म्हणून घेऊ नये.

निवासी शाळा

इथं मुदत महत्त्वाची. सातारचं सैनिक स्कूल देशातलं पहिलं, जून १९६१ चं. प्रवेश फक्त सहावीला आणि नववीला. सहावीला ३१ मार्च रोजी वय १० ते १२, नववीला १३ ते १५. सेवेतल्या आणि माजी सैनिकांच्या मुलांना २५ टक्के जागा राखीव. मुलींनाही आता प्रवेश आहे. सहावीची परीक्षा ३०० गुणांची, त्यात एकट्या गणिताला १५०, आणि पेपर मराठीतून देता येतो; नववीचा फक्त इंग्रजीतून. पुढं शिकवणं इंग्रजीतच. बेळगावचं राष्ट्रीय मिलिटरी स्कूल हा दुसरा रस्ता. तिथं तर बहुतांश जागा जवान आणि जेसीओंच्या (सुभेदार वगैरे) मुलांनाच.

तिसरा रस्ता आपल्याच जिल्ह्यात, मोहोळ तालुक्यात पोखरापूरला: जवाहर नवोदय विद्यालय. सहावीला प्रवेश, परीक्षा मराठीतून, ७५ टक्के जागा ग्रामीण भागाला, राहणं-जेवण फुकट. पण अट अशी की पाचवी त्याच जिल्ह्यातल्या शाळेत शिकत असलं पाहिजे. म्हणजे आमच्या गल्लीतल्या सुनेनं पोरीला पाचवीला फरीदकोटला नेलं की पोखरापूरचं दार बंद. आणि गंमत बघा, नवोदयमध्येही नववीला काही पोरांना वर्षभर दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात. बदली तिथंही सुटत नाही.

बहिणीच्या पोराला निवासी शाळा मानवली, पण लगेच नाही. पहिलं वर्ष रविवारच्या फोनवर तो फक्त "हो" आणि "नाही" बोलायचा. बहीण फोन ठेवून रडायची. दुसऱ्या वर्षी पोरगा फुटबॉलच्या टीममध्ये गेला आणि फोन करायचाच विसरायला लागला. तेव्हाही बहीण रडली. ज्या पोराला घोळका आवडतो, पहाटे उठण्याचं काही वाटत नाही, त्याला तिथं पाठवावं. वडिलांची वर्दी आवडते म्हणून किंवा भाऊबंदांत नाव होईल म्हणून नको. माझ्या धाकटीला पाठवलं असतं तर ती आठ दिवसांत परत आली असती.

पैसे आणि कागद

मुलांचा शिक्षण भत्ता जानेवारी २०२४ पासून दरमहा २,८१२ रुपये ५० पैसे, दोन मुलांपर्यंत. वसतिगृहाचं अनुदान ८,४३७ रुपये ५० पैसे, पण शाळा कर्मचाऱ्याच्या राहत्या ठिकाणापासून किमान ५० किलोमीटर लांब हवी. आजीकडं ठेवलेल्या पोराला ते अनुदान मिळत नाही, आजी कितीही कडक रेक्टर असली तरी! सातारची फी वर्षाला लाखाच्या वर जाते, तेव्हा अनुदान धरूनच हिशोब करा.

कागदांत मी स्वतः फसलेय. आसामहून आले तेव्हा इथल्या एका शाळेनं दोनदा परत पाठवलं, कारण टीसीवर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी नव्हती. ती कुरिअरनं मागवण्यात तीन आठवडे गेले, आणि पोरगं घरी. गाव सोडण्याआधीच सही घ्या. महाराष्ट्राच्या दाखल्यावर जात आणि जन्मठिकाण असतं, बाहेरच्या टीसीवर असेलच असं नाही. जातीचा दाखला लागणार असेल तर वडिलांचा-आजोबांचा शाळेचा दाखला आताच काढून ठेवा. वडिलांचा अधिवास दाखलाही. बारावीनंतरच्या प्रवेशात सैनिकांच्या मुलांना डिफेन्सच्या वेगळ्या वर्गातून जागा असतात, आणि महाराष्ट्राचा रहिवासी असलेल्या जवानाच्या मुलाला तिथं हाच कागद तारतो, दहावी-बारावी पंजाबात झालेली असली तरी.

नववी-दहावी आणि अकरावी-बारावी या जोड्या मात्र फोडू नका. सीबीएसईत नववीला नोंदणी होते, दहावीला मधूनच शाळा बदलायची तर बोर्डाची परवानगी लागते. वडिलांच्या बदलीवर ती मिळते, पण अर्धं वर्ष पोराचं डोकं त्यातच राहतं. आमच्या थोरल्याचं राहिलं.

तेव्हा त्या सुनेला मी सांगितलं ते असं: पोरगा पहिलीत आहे, त्याला बापाजवळ ने, फरीदकोटच्या केंद्रीय विद्यालयात घाल. पोरगीही येऊ दे. नवोदयचं दार बंद होईल, होऊ दे. सातारचं उघडं आहे, सहावीला नाही जमलं तर नववीला. ती आठवीत जाईल तेव्हा मात्र पोस्टिंग कुठलंही असो, पाच वर्षांसाठी एक गाव ठरवा. सासू तोवर धडधाकट असली तर सोलापूर. सासूलाही हे पटलं. तीन वर्षांनी का होईना, नातवंडं येणार म्हणून असेल.

निघताना ती जिन्याखाली ठेवलेली आमची काळी लोखंडी पेटी बघत थांबली. पांढऱ्या रंगात यांचा नंबर, नाव, आणि खाली गावाच्या नावावर गावाचं नाव चढलेलं. उजेड तिरका पडला की झाशीच्या खालून पठाणकोट अजून दिसतं. "काकू, जुनं खरवडून काढायचं का?"

"वरूनच मार. खरवडायला वेळ नसतो."