अर्ध्या मीटरची ट्रिंकोमाली: विदर्भाच्या हवेत कोणतं सामान टिकलं, कोणतं नाही

एचएमएस ट्रिंकोमाली ही ब्रिटिश आरमाराची फ्रिगेट, म्हणजे शिडांची वेगवान युद्धनौका, मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधली. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाहायला मिळते. सगळं जहाज सागाचं. म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीकडे कोणी तिचं मॉडेल करायला घेतलं की वाढई हमखास सांगतो, "साग तर घरचाच आहे, सागाचंच करा ना भाऊ." करू नका.

१:९६ या प्रमाणात खऱ्या जहाजाचा एक फूट म्हणजे मॉडेलवर १/८ इंच, साधारण ३.२ मिमी. सागाच्या लाकडातली छिद्रं ०.३ मिमीपर्यंत असतात. त्या हिशेबाने फळीत अंगठा जाईल एवढी भोकं दिसतात. शिवाय साग तेलकट, थिनरने पुसल्याशिवाय गोंद धड धरत नाही, आणि त्याच्या अंगातल्या वाळूसारख्या कणांनी कटरचं पातं लवकर मरतं. त्याऐवजी हळदू घ्या. पिवळसर, बारीक रेघेचं, फण्या आणि बॉबिन ज्याचे होत ते लाकूड. १ मिमी जाडीतही त्याची कड तुटत नाही. नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, गोलाईतले ठोकळे शिवणीचे करा, तिला चाकू छान चालतो. तुकडे आरामशीनवरून पावतीसह घ्या. धुऱ्यावरचं झाड स्वतःच्या मनाने तोडायचं नसतं, हे इकडे सांगायला नको.

अनुभव लिहिला आहे तो पूर्ण उन्हाळा आणि पावसाळा काढलेल्या सामानाचा: प्लायचा सांगाडा, हळदूच्या पट्ट्या, दोन गोंद, १२ व्होल्टचा मिनी ड्रिल, तांब्याची टेप आणि दोरा.

आधी नकाशा. ट्रिंकोमाली लेडा वर्गातली. या वर्गाचा आराखडा १७८२ मध्ये पकडलेल्या 'एबे' या फ्रेंच फ्रिगेटवरून घेतला होता, आणि याच वर्गातली युनिकॉर्न स्कॉटलंडात डंडीला उभी आहे. त्यामुळे ट्रिंकोमालीचा एखादा तपशील सापडला नाही तर युनिकॉर्नचे फोटो उपयोगी पडतात. पण जहाज कोणत्या सालचं दाखवायचं ते पहिल्याच दिवशी ठरवा. १८४५ मध्ये तिच्या तोफा कमी केल्या, मागची बाजू बदलली आणि तिला कॉर्व्हेट या फ्रिगेटखालच्या वर्गात टाकलं. नेटवरच्या फोटोंवरून १८१७ चं मॉडेल करायला बसलं की पुढची बाजू एका काळातली आणि मागची दुसऱ्या काळातली होते.

तोफांच्या डेकची लांबी १५० फुटांच्या थोडी वर, म्हणजे मॉडेलवर ४७७ मिमी. तालुक्याच्या झेरॉक्स दुकानात 'फिट टू पेज' चालू राहिलं की हेच ४६० होतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. नकाशावर १०० मिमीची रेघ आडवी आणि उभी, दोन्हीकडे मारून ठेवा. प्रिंट हातात आल्यावर दोन्ही मोजा, कारण रोलरमधून जाताना कागद एकाच दिशेने ताणला जातो. प्लायवर कागद फेविकॉलने लावू नका, ओला होऊन फुगतो. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन उत्तम, काम झाल्यावर सोलूनही निघतं.

सांगाडा ४ मिमी प्लायचा, आडवे साचे २० ते २५ मिमी अंतरावर. एमडीएफ स्वस्त आणि कापायला सोपं, पण जुलैत कडा फुगतात आणि खाचा घट्ट होऊन कण्याला वाक येतो. कणा सरळ आहे का ते ताणलेल्या दोऱ्याने रोज बघा. फळ्या लावताना डावी एक, उजवी एक असंच चला. एका बाजूने चार लावल्या की सुकणारा गोंद सांगाड्याला तिकडे ओढतो, आणि हा पीळ नंतर निघत नाही. पट्टी नाळेकडे निमुळती करावी लागते, पण अर्ध्या रुंदीपेक्षा बारीक नको, खिळ्याला जागा उरत नाही. तिथे दोन पट्ट्यांची एक करा. मागच्या बाजूला उलट प्रकार, फट पडते आणि पाचरीसारखी जादा पट्टी घालावी लागते. वाकवण्यासाठी गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून सोल्डरिंगच्या गरम दांड्यावर हळूहळू दाबा. लावण्याआधी पूर्ण वाळू द्या. ओली पट्टी चिकटवली की वाळताना रुंदीत आक्रसते आणि दोन पट्ट्यांमध्ये रेघ उघडते.

आणि इथेच ऋतूचा खरा हिशेब येतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, हवा कोरडी ठक्क. ऑगस्टमध्ये तीच हवा ओलीचिंब. मेमध्ये फेविकॉल पट्टी बसवेपर्यंत साय धरतो, पावसाळ्यात चिमटा रात्रभर काढता येत नाही. सुपरग्लूचं नेमकं उलटं: तो हवेतल्या ओलाव्याने आवळतो, म्हणून मेमध्ये रेंगाळतो आणि पावसाळ्यात क्षणात धरून आजूबाजूला पांढरी बुरशीसारखी झाक सोडतो. बाटलीत काही बिघाड नसतो. फळ्यांचं काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत उरका. मेमध्ये लावलेल्या फळ्या पावसात फुगून एकमेकींना उचलतात, ऑगस्टमधल्या मेमध्ये फटी दाखवतात.

मिनी ड्रिलबद्दल तक्रार कमीच. लाइटचा भरवसा नसतो, म्हणून १२ व्होल्टचाच घ्या. फवारणी पंपाची बॅटरी त्याला थेट चालते, फक्त प्लस-मायनस बघून जोडा. चकमध्ये ०.८ मिमीच्या खालचं बिट मात्र डगमगतं आणि तुटतं. त्याला हाताने फिरवायचा पिन व्हाइसच बरा.

पाण्याखालच्या भागावर तांब्याचे पत्रे येतात. खरा पत्रा ४ फूट बाय १४ इंच, म्हणजे १२.७ बाय ३.७ मिमी. दोन्ही बाजू मिळून दीड-दोन हजार तुकडे लागतात, तेवढा संयम असेल तरच हात घाला. मागून पुढे आणि खालून वर लावत या. पुढचा पत्रा मागच्यावर चढला पाहिजे, नाहीतर पाण्याच्या धारेत कड उचलली जाईल. टेपच्या गोंदाला धूळ अजिबात चालत नाही, त्यामुळे आधी लाकडाला सँडिंग सीलरचे दोन हात द्या. घामेजल्या बोटांचे ठसे चार दिवसांत काळे पडतात, रबरी मोजे घाला.

मुख्य डेकवर १८ पौंडी तोफा २८, नळी सुमारे २५ मिमी. एक पितळेची चांगली कातून घ्या आणि सिलिकॉनच्या साच्यात पॉलिएस्टर रेझिनच्या काढा. उन्हाळ्यात हार्डनर कमी टाका, नाहीतर कपातच दगड होतो.

बारीक डोलकाठ्यांना बांबूला तोड नाही. लोखंडी पट्टीत ३ मिमीपासून उतरत जाणारी भोकं पाडा आणि चिरलेली काडी एकेकातून ओढा, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत गोल निघते. कोवळा बांबू नको, घुण लागतो आणि खाली भुस्सा पडायला लागतो. काड्या बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात दोन दिवस ठेवून सावलीत वाळवा. मुख्य डोलकाठीचा खालचा, ७ मिमीचा भाग मात्र हळदूचाच. बांबूची चीर पाठीकडे वाकते.

दोऱ्यात सगळ्यात जास्त घोळ मापाचा. जुन्या तक्त्यांतलं माप दोराच्या घेराचं असतं, जाडीचं नाही. ८ इंची दोर म्हणजे अडीच इंच जाड, मॉडेलवर ०.६७ मिमी. घेरालाच जाडी धरलं की दोर तिप्पट होतो आणि जहाज सर्कशीच्या तंबूसारखं दिसतं. कापसाच्या मुलखात सांगायला जड जातं, पण सुती दोरा वापरू नका. बारीक तंतू सुटतात, आणि पावसाळ्यात ओलावा पिऊन आखडला की वरच्या आडव्या काठ्या धनुष्यासारख्या वाकवतो. पॉलिस्टर घ्या, मेण लावा. डोलकाठ्यांना ताणून धरणारे उभे दोर डांबरी काळे-तपकिरी, शिडं ओढायचे हलते दोर मातकट.

पेटी ७५ बाय ३० बाय ६० सेंटीमीटरची, काचेची, चारही बाजूंनी बंद करा. हवेसाठी तळाला एक भोक पुरे, त्यावर बारीक जाळी हवीच. कुंभारीण माशीला तोफांच्या खिडक्या फार आवडतात, आणि तिची माती निघताना रंगही निघतो.