नंबर 4053चा, अंग 3310चं

जाहिरातीत लिहिलं होतं: '1969च्या कॅमॅरो झेड/28चा मूळ हॉली, लिस्ट 4053, तारखेसकट, रिबिल्ट केलेला, बसवा आणि चालवा.' हॉली ही कार्ब्युरेटर बनवणारी कंपनी, लिस्ट नंबर म्हणजे तिच्या मॉडेलचा नंबर, आणि झेड/28 ही शेव्हरले कॅमॅरोची जोरदार आवृत्ती. पार्सल उघडल्यावर आतला कार्ब्युरेटर (इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणारा भाग) हळद लागल्यासारखा पिवळाधमक होता. चोक हॉर्नवर, म्हणजे वरच्या हवेच्या तोंडाच्या भिंतीवर, तीन ओळी पाडलेल्या: 3923289 डीझेड, त्याखाली लिस्ट 4053, त्याखाली 973. प्रत्यक्षात तो निघाला दुकानात सुटा मिळणारा साधा 3310. घेणाऱ्याचे पैसे परत मिळाले नाहीत, कारण विकणाऱ्याने ते 'मित्र-नातेवाईकांना पाठवा' या पर्यायातून मागवले होते आणि त्या पर्यायात खरेदीला कसलंही संरक्षण नसतं.

नेमका हाच नंबर का पाडतात ते आधी बघू. झेड/28 निघाली ती शर्यतीसाठी. ट्रान्स-अॅम या अमेरिकन शर्यत-मालिकेत इंजिनाला 5 लिटरची, म्हणजे 305 घन इंचांची मर्यादा होती. म्हणून शेव्हरलेने 4 इंच बोअर आणि 3 इंच स्ट्रोकचं 302 घन इंचांचं इंजिन बांधलं. 1967 साली अशा 602 गाड्या निघाल्या, 1969 साली 20,302. त्यावर 780 सीएफएमचा (मिनिटाला इतके घनफूट हवा सोडणारा) हॉली असायचा, व्हॅक्यूम सेकंडरीवाला, म्हणजे मागची दोन तोंडं इंजिनाच्या ओढीने उघडणारा. गाड्या राहिल्या, कार्ब्युरेटर मात्र मधल्या काळात बदलले गेले. आता गाडी मूळ रूपात आणायची तर योग्य तारखेचा 4053 लागतो आणि त्याची किंमत साध्या 3310च्या कितीतरी पट असते. दोन्ही एकाच घराण्यातले, बाहेरून भावंडंच. कानस, पंचचा सेट आणि थोडं प्लेटिंग एवढ्यावर धंदा चालतो.

हा कार्ब पहिल्यांदा पकडला तो तारखेने. त्या काळातल्या हॉलीवर तीन आकडे असतात: पहिला वर्षाचा, दुसरा महिन्याचा, तिसरा आठवड्याचा. ऑक्टोबरला 0, नोव्हेंबरला ए, डिसेंबरला बी. म्हणजे 973 हा 1969च्या जुलैचा तिसरा आठवडा. आता इंजिनाचा शिक्का बघा. तो ब्लॉकवर उजव्या हाताला, सिलिंडर हेडच्या पुढच्या सपाट जागेवर असतो. घेणाऱ्याच्या गाडीवर तो होता व्ही0213डीझेड: फ्लिंटचा कारखाना, 13 फेब्रुवारी, आणि डीझेड म्हणजे 1969चं 302 इंजिन. फेब्रुवारीत बांधलेल्या इंजिनावर जुलैतला कार्ब कारखान्यात बसेलच कसा? कार्बची तारीख इंजिनाच्या आधीची हवी, साधारण काही आठवडे ते दोनेक महिने. विकणाऱ्याने वर्षाचा 9 तेवढा बरोबर पाडला, पुढचा हिशेब केला नाही. तारखेत चार आकडे दिसले तर कार्ब 1973 नंतरचा समजा. हॉलीनेही जुन्या नंबरांचे कार्ब पुढे नव्याने काढले आहेत. ते चांगले आहेत, पण 1969चे नव्हेत, आणि मूळच्या भावात ते घ्यायचं काही कारण नाही.

मग चोक हॉर्न खिडकीशी नेला, उजेड आडवा पडेल असा धरला आणि दहापट भिंगाखाली घातला. हॉलीची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात दाबून ओतलेली असते. तिच्या न छेडलेल्या पृष्ठभागाला स्वतःची एक बारीक, दिशाहीन कातडी असते. इथे आकड्यांच्या खाली समांतर ओरखडे होते, सगळे एकाच बाजूला जाणारे. 4च्या खाली तर जुन्या 3चं पोट अजून पुसट दिसत होतं. व्हर्नियर लावल्यावर नंबराकडची भिंत समोरच्या भिंतीपेक्षा उघड पातळ भरली. आकडे वाकडे होते, पण त्यावरून काही ठरवू नका, कारण कारखान्यातले खरे आकडेही ओळीत नसतात. मूळ प्लेटिंग पन्नास-पंचावन्न वर्षांत मळकं, हिरवट-सोनेरी होतं. इथे खाचेच्या तळापासून स्क्रूच्या डोक्यापर्यंत एकसारखा ताजा पिवळा रंग. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तोही जस्ताचा.

पुढचं शिक्कामोर्तब मागच्या फ्लोट बोलने, म्हणजे पेट्रोल साठवणाऱ्या वाटीने, केलं. 4053 हा 4150 जातीचा, म्हणजे पुढे आणि मागे दोन्हीकडे पेट्रोल मोजून सोडणारे जाड मेटरिंग ब्लॉक, आणि मागच्यालाही बदलता येणारे जेट (पेट्रोलची मोजकी भोकं). पुढच्या काळातले 3310 हे 4160 जातीचे. त्यांच्या मागे ब्लॉकऐवजी स्क्रूने बसवलेली पातळ प्लेट असते, तिची भोकं कायमची. हे ओळखायला काही उघडावं लागत नाही. कार्ब बाजूने बघा: पुढे बॉडी आणि बोलच्या मधे ब्लॉकचा जाड थर दिसतो, मागे बोल जवळजवळ बॉडीला चिकटलेला. चोकही तेच सांगत होता. झेड/28वर दांडी खाली मॅनिफोल्डमधल्या स्प्रिंगकडे जाते. इथे हाताने ओढायच्या चोकच्या केबलचा ब्रॅकेट कापल्याची खूण होती.

बॉडीवर ओतलेला '6आर'ने सुरू होणारा नंबर आणि मेटरिंग ब्लॉकवर पाडलेला नंबर हे लिस्ट नंबर नाहीत. 'कास्टिंग नंबर जुळतो' हे वाक्य अशा जाहिरातींत हटकून असतं. ते खोटंही नसतं, कारण एकच ओतीव बॉडी अनेक लिस्ट नंबरांना वापरली जायची.

'रिबिल्ट' या शब्दाखाली काय निघालं? बोल काढून मेटरिंग फेसवर, म्हणजे बॉडीच्या ज्या सपाट तोंडावर ब्लॉक बसतो त्यावर, सरळ पट्टी ठेवली, तर मधे दहा थाउचं (इंचाच्या दहा हजारांशांचं) फीलर गेज आरामात गेलं. कुणीतरी बोलचे चार स्क्रू जोर लावून आवळून बॉडी वाकवली होती आणि गळती जाड गॅस्केटने झाकली होती. पॉवर व्हॉल्व्ह, म्हणजे जोर लागला की जादा पेट्रोल सोडणारा पडद्याचा व्हॉल्व्ह, फाटलेला. याची परीक्षा सोपी आहे: इंजिन गरम असताना, आयडलवर, दोन्ही मिक्श्चर स्क्रू हळूच पूर्ण आत घ्या. इंजिन बंद पडायला हवं. चालतच राहिलं तर पेट्रोल दुसऱ्या वाटेने आत येतंय, आणि पहिला संशय पॉवर व्हॉल्व्हवर. जुन्या बॉडीत बॅकफायरपासून बचाव नसतो, एका दणक्यात त्याचा पडदा जातो. थ्रॉटल शाफ्टच्या टोकांवर क्लीनर मारला की आरपीएम हलत होते, म्हणजे शाफ्टची भोकं झिजून हवा आत ओढली जात होती.

पैसे देण्याआधी फोटो मागायचे ते असे: नंबरावर आडवा उजेड टाकून जवळून, हॉर्नची भिंत वरून, दोन्ही बोल बाजूने, आणि बोल काढून मेटरिंग फेस. शेवटचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडचा माल घेऊ नका. रिबिल्ट करताना बोल काढावेच लागतात, मग फोटोला काय अडचण?

ज्यांना मूळ नंबर नको, गाडी फक्त पळवायची आहे, त्यांना '780 घाला, झेड/28सारखी पळेल' असं सांगून गंडवतात. हिशेब साधा आहे: घन इंच गुणिले कमाल आरपीएम भागिले 3456. 302ला 7000वर 612 सीएफएम येतात, 350 घन इंचांच्या इंजिनाला 5500वर 557. ही शंभर टक्के भरणाची, म्हणजे सिलिंडर दर वेळी हवेने पूर्ण भरतो असं धरून केलेली, आकडेमोड झाली. रस्त्यावरचं इंजिन 85 टक्क्यांच्या आसपास भरतं, म्हणजे 350ला 475 पुरे, 600चा कार्ब ऐसपैस. 302वर 780 चालायचा कारण सेकंडरी इंजिनाच्या ओढीनुसार उघडतात, लागतं तेवढंच. तेच 350वर मोठा डबल पंपर (सेकंडरी थेट पायाने उघडणारा कार्ब) घातला तर पाय दाबताच हवा एकदम येते, पेट्रोल मागे राहतं आणि इंजिन धापा टाकतं.

हा 3310 कार्ब म्हणून टाकाऊ नाही. फेस सपाट करून घेतला, शाफ्टला बुश बसवले, आयडलवरच्या व्हॅक्यूमच्या निम्म्या आकड्याचा पॉवर व्हॉल्व्ह घातला. पेट्रोलचा दाब 6 पीएसआय ठेवला, फ्लोट साइट प्लगच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत पेट्रोल येईल असा लावला. 350वर तो आता नीट चालतो. हॉर्नवर 4053 तसाच आहे, फक्त आतल्या भिंतीवर 3310 असं कोरून ठेवलंय.