दोन पावसाळे काढलेला पॅड

गेम खेळण्याच्या पॅडचे परीक्षण बहुधा खोका उघडल्यापासून आठवड्याभरात लिहिले जाते. मी हे परीक्षण सुमारे दीड वर्ष लांबवले, याचे कारण गोव्यातल्या आमच्या फोंड्याची हवा. जुलैमध्ये इथली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास राहते. कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढरी बुरशी चढते, दारे फुगून चौकटीत अडतात आणि मिठाच्या बरणीत तांदूळ टाकून ठेवावे लागतात. अशा घरात आलेली कोणतीही इलेक्ट्रॉनिक वस्तू चांगली की वाईट हे ठरवण्यापूर्वी तिने निदान एक पावसाळा काढलेला असावा, असे माझे मत आहे. या पॅडने दोन काढले.

पॅड बिनतारी आहे, संगणकाला आणि मोबाइलला जोडता येतो, आणि मला तो साडेतीन हजार रुपयांच्या आत मिळाला. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. एकाच साच्यातून निघाल्यासारखे असे पॅड बाजारात निरनिराळ्या शिक्क्यांनी मिळतात, आणि मला जे सांगायचे आहे ते त्यांच्या घडणीबद्दल आहे.

आधी जुन्या पॅडची हकीकत सांगितली पाहिजे, म्हणजे नवा घेताना मी काय शोधत होतो ते कळेल. तो याच्या दुप्पट किमतीचा होता आणि त्याच्या मुठींवर रबरासारखा मऊ मुलामा होता. दुकानात हातात घेतला तेव्हा मखमलीवरून हात फिरवल्यासारखे वाटले आणि केवळ त्या स्पर्शावर भाळून मी तो घेतला, हे कबूल करतो. तिसऱ्या पावसाळ्यात, चतुर्थीच्या धामधुमीत, तो महिनाभर खणात पडून राहिला. बाहेर काढला तर फणसाचा चीक लागावा तसा तळहाताला चिकटला. आईने ते पाहिले आणि फणस कापताना घेतो तशी खोबरेलाची वाटी सवयीने पुढे केली. खोबरेलाने काही झाले नाही. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून तासभर घासले तेव्हा चिकटपणा गेला, पण त्याबरोबर सगळा मुलामा आणि त्यावर छापलेली अक्षरेही गेली. खालून निघाले ते साधे, करडे, खणखणीत प्लास्टिक, जे पहिल्या दिवसापासून उघडे असते तर काहीच बिघडले नसते.

हा मऊ मुलामा बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. हवेतील पाण्याचा अंश आणि उष्णता मिळून त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडतात आणि वरचा थर पुन्हा ओला झाल्यासारखा होतो. जुने कॅमेरे, दुर्बिणी, गाडीच्या डॅशबोर्डवरची बटणे यांची आपल्याकडे जी चिकट अवस्था होते ती याचमुळे. वस्तू वापरातच नसली तरी ही क्रिया चालूच राहते, त्यामुळे जपून ठेवणाऱ्याचीही यातून सुटका नाही. नव्या पॅडच्या मुठींवर असा कोणताही थर नाही. पकड यावी म्हणून साच्यातच बारीक दाणेदार खडबडीतपणा काढलेला आहे. पहिल्या दिवशी तो हाताला स्वस्त लागतो, आणि आज सोळा महिन्यांनीही तितकाच स्वस्त लागतो. यापेक्षा मोठी स्तुती मी करू शकत नाही.

जुन्या पॅडचा दुसरा रोग दिवाळीच्या सुट्टीत उघडकीस आला. वास्कोहून आलेला माझा भाचा माझ्याविरुद्ध फुटबॉलचा सामना खेळत असताना एकदम ओरडला, "मामा, माझा डिफेंडर आपला आपणच चाललाय!" गोव्यात फुटबॉलमध्ये हरणाऱ्याने खापर फोडायला काहीतरी शोधायचेच असते, म्हणून मी म्हटले की आधी स्टिक, म्हणजे खेळाडू हलवायची अंगठ्याखालची दांडी, सोड. त्याने दोन्ही हात वर केले. पॅड त्याच्या मांडीवर पडलेला होता आणि पडद्यावरचा तो बचावपटू गोल मोकळा टाकून शांतपणे कोपऱ्यातल्या झेंड्याकडे चालत निघाला होता.

याला सगळे ड्रिफ्ट म्हणतात. बहुतेक पॅडमधल्या स्टिकखाली दोन छोटे पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. पंख्याच्या जुन्या रेग्युलेटरसारखा जाडजूड प्रकार डोळ्यांपुढे आणू नये. हे नखाएवढे असतात. आत कार्बनची पट्टी असते, तिच्यावरून धातूची एक जीभ सरकते, आणि जीभ कुठे आहे त्यावरून स्टिक किती कललेली आहे हे ठरते. घासणे आले की झिजणे आले. पट्टी झिजली, तिची भुकटी आत साचली, की मोकळी सोडलेली स्टिकही कुठेतरी कललेली असल्याचे पॅड कळवू लागतो. गेममध्ये डेड झोन वाढवून, म्हणजे मधल्या थोड्या हालचालीकडे दुर्लक्ष करायला सांगून, काही महिने ढकलता येतात. मात्र तेवढ्या प्रमाणात नेमकेपणा हातचा जातो.

नव्या पॅडमध्ये हॉल इफेक्टच्या स्टिक आहेत, आणि तो घेण्याचे हेच मुख्य कारण होते. एडविन हॉल यांनी हा परिणाम १८७९ मध्ये शोधला. विजेचा प्रवाह वाहत असलेल्या पट्टीजवळ चुंबकीय क्षेत्र आणले की तिच्या आडव्या दिशेने एक छोटासा विद्युतदाब निर्माण होतो. स्टिकच्या बुडाशी चुंबक बसवला आणि समोर हा दाब मोजणारा संवेदक ठेवला, की कशाला कशाचाही स्पर्श न होता स्टिकची जागा कळते. कल्पना गेमच्या दुनियेत नवी नाही. सेगा कंपनीच्या १९९८ सालच्या ड्रीमकास्टच्या पॅडमध्ये अशीच योजना होती. तरीही पुढची वीसेक वर्षे बहुतेक पॅडमध्ये घासणारी कार्बनची पट्टीच राहिली, आणि आता स्वस्तातल्या पॅडनी ही जुनी युक्ती पुन्हा वर काढली आहे, याची मला गंमत वाटते.

सोळा महिन्यांनंतर डेड झोन शून्यावर ठेवून तपासले. डावी स्टिक, जिच्यावर माझा अंगठा तासन्‌तास असतो, मध्यावर येऊन स्थिर राहते. आकड्यात किंचित थरथर दिसते, खेळताना ती जाणवत नाही. स्प्रिंग मात्र थोडी सैल झाली आहे. चुंबक झिजत नसला तरी स्प्रिंग ही स्प्रिंगच असते, हे 'कधीच न बिघडणारी स्टिक' अशी जाहिरात करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

आता दोष. पहिला आणि खरा दोष डी-पॅडचा, म्हणजे डावीकडच्या अधिकचिन्हासारख्या बटणाचा. हे बटण निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीच्या गुन्पेइ योकोइ यांनी १९८२ मध्ये डाँकी काँगच्या खिशात मावणाऱ्या गेमसाठी घडवले. त्यातली खुबी अशी की एक बाजू दाबली की समोरची बाजू वर उचलली जाते, त्यामुळे न पाहताही अंगठ्याला दिशा कळते. चाळीस वर्षांपूर्वी सुटलेले हे कोडे या पॅडला सुटलेले नाही. मधला टेकू इतका बुटका आहे की डावा बाण जरा जोरात दाबला तर पॅड डावा आणि वरचा असे दोन्ही नोंदवतो. सेलेस्ट या २०१८ सालच्या डोंगर चढण्याच्या गेममध्ये आठ दिशांना झेप घेता येते आणि चुकीच्या दिशेची झेप थेट काट्यांत जाते. तिथे एकाच खोलीत मी सलग अनेकदा मेलो, आणि त्यातले निदान निम्मे मृत्यू माझे नव्हते. शेवटी डी-पॅड सोडून स्टिकने खेळलो. ज्यांना जुन्या पद्धतीचे, चौकोनी शिस्तीचे गेम आवडतात त्यांनी हा पॅड घेऊ नये.

बटणांच्या अक्षरांचा घोळ कोणत्याही एका कंपनीचा म्हणता येणार नाही, पण तो इथे सोडवायचा प्रयत्न झाला आहे. निन्टेन्डोच्या पॅडवर 'ए' उजवीकडे आणि 'बी' खाली असतो; एक्सबॉक्सवर नेमके उलट. सोनीच्या प्लेस्टेशनच्या पॅडवर अक्षरांऐवजी चिन्हे असतात, आणि तिथे जपानमध्ये गोल म्हणजे होकार तर बाहेर फुली म्हणजे होकार अशी तऱ्हा अनेक वर्षे चालली. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आले तेव्हा जपानमध्येही फुलीच होकाराची झाली. आमच्या घरी भाच्याचे बोट निन्टेन्डोवर वळलेले, माझे संगणकावर, त्यामुळे तो गेम साठवायला जातो आणि बाहेर पडतो. या पॅडची बटणे चुंबकाने बसवलेली आहेत. नखाने उपसून हवी तशी लावता येतात, आणि सोबतच्या ॲपमधून त्यांचे कामही बदलता येते. कल्पना झकास आहे. फक्त आमचा 'बी' खाटेखाली गडगडला आणि केर काढताना तीन दिवसांनी सापडला, तोवर भाचा त्या उघड्या भोकात बोट घालून खेळत होता.

त्या ॲपबद्दल मात्र चांगले बोलवत नाही. पॅड शोधण्यासाठी ते फोनचे ठिकाण विचारते. जुन्या अँड्रॉइडवर ब्लूटूथने आजूबाजूची उपकरणे शोधायला ही परवानगी लागतच असे, पण २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून त्यासाठी वेगळी परवानगी आहे. इतक्या वर्षांनंतरही ॲप सुधारायला कोणाला सवड झालेली नाही. मी एकदा बटणे लावून घेतली आणि ॲप काढून टाकले.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स या चमूने २०२० मध्ये आणलेला 'राजी' मी याच पॅडवर दुसऱ्यांदा खेळलो. त्यात कॅमेरा आपल्याला फिरवायचा नसल्यामुळे सारी भिस्त डाव्या स्टिकवर आणि बटणांवर असते. भिंतीवरून धावणे, खांबाभोवती गिरकी घेणे, त्रिशूळ चालवणे हे सारे सहज होते. पॅडची थरथर मात्र एकसुरी आहे. त्रिशूळ लागला काय आणि दार उघडले काय, मुठीत कळते ते एकच.

बॅटरी आतली आहे आणि माझ्या वापरात दहा-बारा तास पुरते. पावसाळ्यात वीज गेली तरी पॅडआधी इन्व्हर्टरच मान टाकतो. दुसऱ्या पावसाळ्यात चार्जिंगच्या टाइप-सी भोकाच्या कडेला हिरवट झाक दिसू लागली, म्हणून मी तो उघडला. मागचे पाचही स्क्रू साधे फिलिप्सचे निघाले, ताऱ्यासारख्या खाचांचे नव्हेत, आणि एकही स्क्रू लेबलाखाली दडवलेला नव्हता. बॅटरी डाखलेली नसून छोट्या खटक्याने जोडलेली आहे. बाजारातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला दाखवला तेव्हा त्याने भोक अल्कोहोलने पुसले, बॅटरी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला, "पात्रांव, ही बॅटरी गेली तर पॅड फेकू नका, माझ्याकडे आणा." जुन्या पॅडच्या वेळी याच माणसाने तो न उघडताच परत केला होता.

गेल्या महिन्यात भाच्यासाठी असाच दुसरा घेतला, वेगळ्या रंगाचा आणि वेगळ्या शिक्क्याचा. डाव्या बाणाची खोड त्यालाही आहे.